तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र दिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये मी दहा मिनिटं बोलले, त्याचं कौतुक अजून जिन्यात चालू आहे. तुमचं नाव घेऊ नको असं तुम्हीच बजावलं होतंत. म्हणून इथेही घेत नाही. कोथरूडच्या आपल्या बिल्डिंगमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

कमिटीने ‘तुमच्या भागातल्या एखाद्या नेत्यावर बोला’ म्हटलं तेव्हा मी तासगावची, त्यामुळे डोक्यात लगेच वसंतदादा. तुम्ही भाजीची पिशवी सांभाळत पायऱ्या चढता चढता म्हणालात, ‘दादांवर सगळेच बोलतात. पागे घे. वि. स. पागे.’ माझ्यासाठी पागे म्हणजे स्पर्धा परीक्षेतला एका मार्काचा प्रश्न. रोजगार हमी योजनेचे जनक कोण? गोल काळा करायचा आणि पुढे जायचं.

रात्रीत भाषण लिहून काढलं. ‘१९७२च्या दुष्काळात पागेंच्या योजनेने महाराष्ट्र जगवला’, असं ठोकून दिलं. तुम्ही त्या वाक्यावर लाल पेनाने काट मारलीत आणि मला समोर बसवलंत. (चहा थंड झाला तरी उठू दिलं नाहीत, हेही नोंदवते.) तुम्ही तेव्हा मुस्टर कारकून होतात. खडी फोडणाऱ्यांच्या हजेऱ्या, सुकडीचं, म्हणजे मजुरांच्या पूरक खाऊचं, वाटप, ती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना बायका शिव्या घालायच्या. मे १९७३मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पण ती दुष्काळी कामं, तुम्ही म्हणालात. सरकारने टंचाई जाहीर केली की सुरू, पाऊस पडला की बंद. हमीचं काम मागणाऱ्याने मागितलं की सुरू व्हायला हवं. योजनेचा निर्णय १९७२च्या उन्हाळ्यातच झाला होता, पण दुष्काळाच्या रेट्यात ती मागे पडली.

हा फरक कळला आणि पागे दिसायला लागले. १९१०मध्ये बागणीला जन्म, पुढे वकिली, स्वातंत्र्यलढा, तुरुंग, संतसाहित्याचं वेड. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. म्हणजे हातात ना खातं, ना बजेट. सभापतीने सभागृह चालवावं, रस्त्यावरच्या मजुराशी त्याचा काय संबंध? या माणसाने १९६५मध्ये आमच्या तालुक्यातल्या विसापूर भागात प्रयोग करून पाहिला आणि मग मंत्र्यासंत्र्यांच्या मागे लागून तो कायद्यापर्यंत नेला. विधिमंडळात १९७७ला मंजुरी, २६ जानेवारी १९७९पासून अंमल. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. देशाला असा कायदा करायला २००५ उजाडलं.

आणि मग तुम्ही माझी पगाराची स्लिप मागितलीत! मी दचकलेच. ‘पी. टी.’च्या ओळीवर बोट ठेवलंत. दर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. हिंजवडीतले आम्ही सगळे त्या ओळीवर कुरकुरतो. हा व्यवसाय कर १९७५मध्ये आला तोच रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला, आणि करातून जितका पैसा गोळा होईल तितकीच भर सरकारने घालायची होती, हे आमच्या एचआरलाही माहीत नसेल. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावच्या पाझर तलावावर.

आमची आजी ‘हमीवर’ जायची. माझे वडील तेव्हा कॉलेजात होते. घरात या विषयावर कुणी बोलत नाही; पाटी-फावड्याचं काम केलं हे सांगायला आम्हाला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडून उठून गावी फोन लावला आणि बाबांना पहिल्यांदा विचारलं, कुठल्या कामावर होती ती? ते बराच वेळ बोलले. विहिरीशेजारच्या ज्या तलावात मी पोहायला शिकले, त्याच्या बांधावर तिने माती टाकली होती.

हे मी भाषणात सांगितलं नाही. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तुमची कात्रणांची फाइल रविवारी परत आणते. सोबत भाकरी आणि ठेचा. ज्वारी आपलीच, मिलो नाही.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची