प्रसूतिगृहाच्या पोर्चमधील माता-बालक शिल्पासाठी मदतीचे आवाहन

पोर्चमधले संगमरवरी शिल्प दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, साफ व दुरुस्त करायचे ठरले आहे. मांडीवर मूल घेतलेली स्त्री, अंगावर ग्रीक वळणाचे चुणीदार वस्त्र: एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात ‘परोपकार’ दाखवायला हा विषय फार चालला. इटलीत फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातले, शिल्पकार बार्तोलिनीचे शिल्प त्याच कुळातले. संवर्धकाची फी समितीने भरली आहे. त्यामुळे रोख रक्कम नको. वस्तू, माणसे आणि जुने फोटो हवेत.

सर्वांत जास्त काम पायांशी आहे. बाळंतीण घरी जाताना हळद-कुंकू वाहते, कोणी तेलही घालते. संगमरवर वरून गुळगुळीत वाटला तरी तेल आत मुरते आणि कुंकवाचा रंग सोबत नेते. म्हणून पुसून डाग जात नाही, उलट पसरतो. ॲसिटोनमध्ये भिजवलेला पांढऱ्या कागदाचा लगदा बोटभर जाडीने थापायचा, प्लॅस्टिकने झाकायचा आणि काही तासांनी झाकण काढून वाळू द्यायचा. वाळताना तो तेल ओढून घेतो. दोन-तीनदा करावे लागेल. ॲसिटोन पेट घेते, तेव्हा त्या दिवसांत पोर्चमध्ये दिवा-उदबत्ती लावू नये. पूजेला कोणाचीच ना नाही. समोर दगडी पाट मांडणार आहोत, हळद-कुंकू त्यावर वाहावे.

हनुवटीखाली आणि चुण्यांच्या खाचांत, जिथे पाऊस पोहोचत नाही, तिथे काळी खपली धरली आहे. ती नुसती धूळ नसते: धुरातल्या गंधकाने दगडाच्या पृष्ठभागाचा जिप्सम होतो आणि त्यात काजळी अडकते. ती कापसाच्या बोळ्याने, डिस्टिल्ड वॉटरने, बोटभर जागा धरून सोडवायची. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि संडासचे ॲसिड मात्र पूर्ण वर्ज्य. संगमरवर म्हणजे कॅल्साइट. आम्लाने तो फसफसून विरतो आणि गेलेली झिलई परत येत नाही.

बाळाचा उजवा हात कोपरापाशी तडकला आहे. आतली लोखंडी सळई गंजून फुगली आणि तिने दगड फोडला. पूर्वी कोणीतरी पांढरे सिमेंट भरून ठेवले, त्याने ओल आतच कोंडली. आता सिमेंट हाताच्या छिन्नीने काढायचे (ग्राइंडर नाही, हादऱ्याने भेग वाढते) आणि जुन्याच भोकात ३१६ दर्जाची ६ मिमी स्टेनलेस सळई बसवायची.

त्याच हाताची दोन बोटे गेलेली आहेत. ती अंदाजाने कोरणार नाही. कोणाच्या घरी बारशाच्या किंवा डिस्चार्जच्या दिवशी इथे काढलेला फोटो असेल, अगदी कृष्णधवल आणि धूसरही, तर आणून द्यावा. स्कॅन करून लगेच परत देऊ. बोटाचा तुकडाच कोणी उचलून ठेवला असेल तर तोही द्या, काही विचारणार नाही.

वस्तूंमध्ये डिस्टिल्ड वॉटर १०० लिटर (बॅटरीचे चालेल, पण सीलबंदच हवे), बिनरंगी कापूस ५ किलो, बांबूच्या काड्या, मऊ केसांचे ब्रश आणि छपाई नसलेला टीपकागद लागेल. हात स्थिर असलेले सहा स्वयंसेवक हवेत. अंगठ्या-बांगड्या काढून यावे, मूर्तीवर ओरखडे पडतात. सामान सकाळी दहा ते बारा या वेळेत कार्यालयात द्यावे व पोच घ्यावी.