म्हाताऱ्यांच्या रक्ताला तरुणांचे माप लावू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स.न.

ज्येष्ठांसाठी रुग्णालयात वेगळी तपासणी आणि मोफत लसी देऊ, असे आश्वासन आपण सभागृहात दिले होते. मी त्यावर विश्वास ठेवला. गेल्या आठवड्यात माझ्या आईला तातडीच्या विभागातून परत पाठवले गेले. ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल, वय झालंय, घरी न्या. रात्रीतून ती बरळू लागली. न्यूमोनिया निघाला. आज ती आयसीयूत आहे.

उतारवयात जंतुसंसर्ग होऊनही ताप येत नाही, पेशी वाढत नाहीत, असे सर्रास घडते. हे वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, मग केसपेपर लिहिणाऱ्याला का माहीत नसावे? छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते, तिथे टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घडतात. ती लहानपणापासूनच आक्रसत जाते आणि म्हातारपणी बहुतेक चरबीच उरते. नव्या जंतूला ओळखणाऱ्या कोऱ्या टी-पेशी आटतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, रिपोर्टात पुरेशा दिसतात, पण जंतूपर्यंत पोचताना वाट चुकतात. मशीन हजेरी घेते हो, काम कोण करतंय ते तिला कळत नाही! सत्तरीपुढच्या दहा टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तात रक्त घडवणाऱ्या एकाच बिघडलेल्या मूळपेशीची प्रजा पसरलेली असते, हे २०१४ पासून छापून आलेले आहे. आणि आमच्या हातात तोच ‘नॉर्मल’ रिपोर्ट.

उपाय नाहीत असेही नाही. चौपट मात्रेची फ्लूची लस ६५ वर्षांपुढच्यांत साध्या लसीपेक्षा २४ टक्के जास्त परिणामकारक ठरली. नागिणीच्या नव्या लसीने चाचण्यांत सत्तरीपुढेही सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. आईला यातली एकही मिळाली नाही. औषधांच्या चाचण्यांतून म्हाताऱ्यांना वगळायचे, अंदाजपत्रकात शेवटी बसवायचे, मतदानाला मात्र गाडी पाठवायची. ही तुमची एकट्याची नाही, सगळ्या व्यवस्थेची सवय आहे, आणि मला तिची चीड येते.

ताप नसला तरी ज्येष्ठ रुग्णाचा श्वास, ऑक्सिजन आणि भान तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, असा लेखी आदेश काढा. लसी कोणत्या तारखेपासून देणार, तेही जाहीर करा. उत्तर तुमच्या सहीचे हवे, स्वीय सहायकाचे नको.

आपली,
एका रुग्णाची मुलगी