रेवाच्या प्रवेशाबद्दल, आई-बाबांना

पुणे, १२ मे

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हा विषय अर्धवट ऐकून सोडून देण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आईने वाचून दाखवलं तरी चालेल, पण पत्र जपून ठेवा. जूनभर लागेल.

रेवाचा बारावीचा निकाल लागला आणि घरात दोन मतं झाली. तुम्ही म्हणता बी.कॉम. कर, ती म्हणते पुरातत्त्व शिकायचं. मी तिच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकते. तुमच्या काळजीला कमी लेखून नाही हं. दादाची अंकलेश्वरची नोकरी, पाळ्या, वहिनी तिकडे, आणि त्यांची ही पोरगी तुमच्या जिवावर बडोद्यात. तिचं मार्गी लागावं ही तळमळ तुम्हाला असणारच. पण मला वाटतं ती मार्गाला लागलेलीच आहे, आपण फक्त आडवं येऊ नये.

दिवाळीत पावागडला गेलो होतो ते आठवतं ना? आपण सगळे माचीला रोपवेच्या रांगेत, आणि ही दादाला घेऊन खाली चांपानेरच्या जामा मशिदीत थांबली. दर्शन करून मी खाली आले तर मान मागे टाकून छतातलं नक्षीकाम बघत होती. वहीत एक कमळ काढलेलं, त्याच्या पाकळ्यांवर आकडे घातलेले. मला म्हणाली, "आत्या, असंच कमळ देवळातही असतं ना? मग कारागीर तेच असतील का?" बारावीच्या वर्षात, कुणी न सांगता, तिने हा प्रश्न स्वतः शोधला. बाबा, तिथलं उत्खनन सत्तरच्या दशकात आर. एन. मेहता यांच्या देखरेखीखाली झालं, आणि ते आपल्या बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीच्याच पुरातत्त्व विभागाचे. २००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागड जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. म्हणजे जे शिकायला लोक बाहेरगावाहून बडोद्याला येतात, ते तिला दांडिया बाजारातून सायकलवर जाऊन शिकता येणार आहे. ते सोडून तिने मन मारून जमाखर्च का शिकावा?

नोकरीचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. खोटं सांगत नाही: जागा कमी आहेत आणि नुसत्या बी.ए.वर काही होत नाही. पुढे एम.ए. करावंच लागेल. पण त्यापुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आहे, राज्यांची पुरातत्त्व खाती आहेत, वस्तुसंग्रहालयं आहेत. गुजरातेत तर हे काम वाढतंच आहे. वडनगरला २०२५ च्या जानेवारीत उत्खननाच्या जागेवरच मोठं संग्रहालय उघडलं, लोथलला सागरी वारशाचं संकुल उभं राहतंय. आणि संग्रहालयशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आपल्याच युनिव्हर्सिटीत १९५२ पासून आहे. इथे पुण्यात पुरातत्त्व शिकवणारं डेक्कन कॉलेज आहे, एम.ए.ला ती माझ्याकडे राहू शकते. माझी खोली रिकामीच आहे.

आता प्रवेशाचं. बाबा, तुम्ही म्हणालात, "उद्या फॅकल्टीत जाऊन फॉर्म घेऊन येतो." तुमच्या वेळी तसंच होतं, माझ्याही वेळी. आता २०२४ पासून गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचा प्रवेश जीकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून होतो. त्यात नाव नोंदवायचं, हव्या त्या अभ्यासक्रमांना अर्ज करायचा, पसंतीक्रम द्यायचा. मग ऑफर येते, आणि ती ठरलेल्या मुदतीत पक्की केली नाही तर जागा पुढच्या मुलाला जाते. गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं हेच झालं. फॉर्म एका सायबर कॅफेत भरला, कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, ओटीपी त्याच्याकडे, मेसेजही त्याच्याकडे. घरच्यांना कळलं तेव्हा मुदत टळून गेली होती. हुशार पोरगा, गुणही चांगले, पण वर्षभर मनाविरुद्धच्या कोर्सला बसला. म्हणून नंबर रेवाचाच, ईमेल तिचाच, आणि फॉर्म ती स्वतः भरेल. मी व्हिडिओ कॉलवर बसेन.

त्याआधी एक काम तुम्हीच करू शकाल. तिची मार्कशीट आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर ताडून पाहा. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी असेल. क्रमापेक्षा स्पेलिंग महत्त्वाचं: एकीकडे व्ही आणि दुसरीकडे डब्ल्यू असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. कारण आता प्रत्येक विद्यार्थ्याचा अपार आयडी असतो, बारा आकडी, आणि सगळे क्रेडिट, म्हणजे शिकून पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, त्या खात्यात जमा होतात. नाव जुळलं नाही की ते अडतं. या क्रेडिटचा मुलींना मोठा आधार आहे, हे आईसाठी सांगते. नव्या धोरणात एक वर्ष पूर्ण करून थांबावं लागलं तरी प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि मध्ये थांबलेली मुलगी परत येऊन पुढे शिकू शकते. आई, तुझं इंटर आर्ट्सला लग्न ठरलं आणि शिक्षण तिथेच संपलं. तू कधी तक्रार केली नाहीस, पण मला ते माहीत आहे.

शिष्यवृत्तीला मात्र अजिबात हयगय नको. केंद्र सरकारची एक योजना आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा असतो. बोर्डाच्या वरच्या २० टक्के मुलांत असलेल्या आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांना पदवीची पहिली तीन वर्षं दरसाल १२,००० रुपये मिळतात, आणि निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी आहेत. रेवा त्यात बसते. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी ७५ टक्के हजेरी आणि ५० टक्के गुण हवेत. उत्पन्नाचा दाखला दादाच्या नावाचा लागेल. तो नर्मदा भवनातल्या जनसेवा केंद्रातून काढायचा, आणि जूनच्या गर्दीआधी. सुटीच्या दिवशी दादा येतो, पण कचेरी तेव्हा बंद असते. त्याला एक दिवस रजा टाकायला मी सांगितलं आहे, तुम्हीही सांगा. १२,००० रुपयांत वर्षाची पुस्तकं आणि सहलींचा खर्च निघेल.

बडोद्यात बसून शिष्यवृत्तीला संकोच कसला? १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, ती याच दरबाराची. बाबा, "आपण कुणाकडे हात पसरत नाही" असं तुम्ही म्हणालात, ते रेवाने ऐकलं आणि गप्प बसली. तिने कष्टाने गुण मिळवले आहेत, त्यांचा तो मान आहे. तिला तुमच्या तोंडून हे ऐकायचंय.

आईची उन्हाची काळजी: उत्खननाचे कॅम्प शक्यतो थंडीत असतात, शिक्षक बरोबर असतात, मुलींचा गट असतो. रेवाला खरी अडचण येईल ती इंग्रजीची. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची आणि एम.एस.मध्ये शिकवणं इंग्रजीतून. पहिलं सत्र जड जाईल, ती रडेलही. तेव्हा "सांगितलं होतं ना, कॉमर्स घे" असं कुणी म्हणू नका, एवढी विनंती. तिला युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत बसायची सवय लागू दे. मी दर रात्री अर्धा तास तिच्याबरोबर एक पान वाचणार आहे, तसं आमचं ठरलं आहे. सरकारच्या स्वयम् पोर्टलवर घरबसल्या कोर्सही करता येतात. विभागाने मान्यता दिली तर त्यांचे क्रेडिट धरले जातात. पण ते दुसऱ्या वर्षापासून, आधी तिचा पाय स्थिर होऊ दे.

प्रवेश झाल्यावरही परीक्षेच्या फॉर्मच्या तारखा तिने स्वतः नोटीस बोर्डवर बघायच्या. ग्रुपवर आलेल्या मेसेजवर विसंबायचं नाही. हे तिला मी सांगितलंय, तुम्ही फक्त अधूनमधून विचारत जा.

बाबा, पसंतीक्रमात पहिलं नाव पुरातत्त्वाचं आणि दुसरं इतिहासाचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे. बी.कॉम. तिसरं ठेवलं आहे, तुमच्या मनासाठी. रविवारी सकाळी दहाला फोन करते. त्याआधी तुम्ही रेवाशी एकदा बोला, मार्कशीट-आधार ताडून ठेवा आणि कानाच्या यंत्राचे सेल बदला. आईने बीपीची गोळी चुकवू नये.

तुमची,
मनीषा