अवकाश उद्योगाची ओळख आयटीआयच्या कार्यशाळेपर्यंत न्यावी

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

अवकाश उद्योगाविषयी जनजागृती आणि शिक्षण यांसाठी काम करणारी एक ना-नफा संस्था यंदा राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या निमित्ताने चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शाळांमध्ये उपक्रम घेणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. रॉकेटच्या प्रतिकृती, चांद्रयान-३ ची चित्रफीत, प्रश्नमंजूषा आणि शेवटी प्रमाणपत्रांचे वाटप, असा आराखडा त्या बातमीत दिला होता. खेड्यांतील शाळांत विज्ञान शिकवण्यातच माझी सारी नोकरी गेली असल्यामुळे बातमी वाचून आनंद झाला. मात्र ज्या उद्योगाची ओळख करून द्यायची, तो उद्योग या आराखड्यात कोठेच दिसत नाही. म्हणून माझी सूचना आहे की, संस्थेने शाळांना अवश्य भेट द्यावी. पण त्याच फेरीत तालुक्याच्या आयटीआयमध्ये आणि ग्रामसभेतही जावे.

आमच्या सिंदेवाही तालुक्याला अवकाश उद्योगाची पहिली गाठ पडली ती कोणत्याही प्रदर्शनात नव्हे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधील लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग पाहिली, आणि लाडबोरी येथील मोकळ्या जागेत सुमारे ३ मीटर व्यासाचे, ४० किलोंहून अधिक वजनाचे धातूचे कडे येऊन पडले. पवनपार परिसरात एक गोळाही सापडला. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे सर्व तर्क लढवून झाल्यावर खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असे सांगितले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. परंतु ते कडे एखाद्या घरावर किंवा गोठ्यावर पडले असते, तर पुढे काय करायचे, हे गावात कोणाला माहीत होते?

यासंबंधी १९७२ चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार आहे आणि भारत व चीन हे दोन्ही देश त्यात सामील आहेत. अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले, तर ती वस्तू सोडणाऱ्या देशावर भरपाईची पूर्ण जबाबदारी येते. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले होते. दावा मात्र नुकसान झालेल्या देशाच्या सरकारने करायचा असतो, आणि त्यासाठी साधारणपणे एक वर्षाची मुदत असते. म्हणजे आमच्याकडे असे काही घडलेच, तर तलाठ्याने वेळेवर केलेला पंचनामा हा त्या दाव्याचा पहिला कागद ठरेल. पडलेल्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो, म्हणून तिला हात न लावता पोलीस पाटलांना कळवावे, एवढी साधी गोष्ट तरी गावोगाव माहीत असायला हवी. प्रश्नमंजूषेपेक्षा ही माहिती अधिक कामाची आहे आणि ती द्यायला ग्रामसभेतील अर्धा तास पुरतो.

आता आयटीआयविषयी. अवकाश म्हटले की आपल्याकडे शास्त्रज्ञच डोळ्यांपुढे येतो आणि शिक्षकही वर्गातील पहिल्या दोन मुलांकडे पाहूनच बोलू लागतो. शास्त्रज्ञ होण्याची वाट आहेच. तिरुवनंतपुरम येथील भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत बी.टेक.चा प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणांवर मिळतो. पण ती वाट फार थोड्यांची आहे. इस्रोच्या निरनिराळ्या केंद्रांतून टेक्निशियन-बी या पदाच्या जाहिराती निघतात आणि त्यांना दहावी उत्तीर्ण असणे व संबंधित ट्रेडचे आयटीआय प्रमाणपत्र एवढीच पात्रता लागते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हे ट्रेड आमच्याकडील मुले शिकतात ती कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने किंवा वीज केंद्र डोळ्यांपुढे ठेवून. आपण शिकतो त्याच कामाची गरज रॉकेट बांधणाऱ्यालाही असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आणि ही गरज आता एकट्या इस्रोपुरती राहिलेली नाही. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले, त्यांना परवानगी व साहाय्य देण्यासाठी इन-स्पेस ही यंत्रणा उभी राहिली आणि २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आले. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचे विक्रम-एस हे देशातील पहिले खासगी रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाले, ही बातमी सर्वांनी वाचली. परंतु त्याच कंपनीच्या पुढील रॉकेटसाठी बनवलेल्या कलाम-१०० या घन इंधनाच्या मोटरची, म्हणजे रॉकेटला ढकलणाऱ्या इंजिनाची, चाचणी त्याच वर्षी मे महिन्यात नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात झाली होती, हे विदर्भातच किती जणांना ठाऊक आहे? इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेले गाव, आणि तेथील कारखान्यात कित्येक वर्षांपासून इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरांची आवरणे तयार होतात. हे काम जाड पोलाद वाकवण्याचे, जोडण्याचे आणि प्रत्येक जोड क्ष-किरणांनी तपासण्याचे आहे. देशाची अवकाश अर्थव्यवस्था ८.४ अब्ज डॉलरवरून २०३३ पर्यंत ४४ अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट इन-स्पेसने जाहीर केले आहे. ते गाठले जाईल की नाही, याविषयी मी साशंक आहे. मात्र त्याच्या निम्मी मजल मारायची म्हटली, तरी लागणारे हात पदवीधरांचे कमी आणि कारागिरांचे अधिक असतील. संस्थेने आयटीआयमध्ये एखादा निवृत्त इस्रो तंत्रज्ञ आणून त्याला लेथसमोर उभे राहून बोलायला लावले, तर प्रतिकृतींच्या प्रदर्शनापेक्षा ते पुष्कळ उपयोगाचे होईल.

ग्रामसभेत जाण्याचे दुसरे कारण धानाच्या बांधीत आहे. २०२३ च्या खरिपापासून पीक विमा योजनेत भाताचे उत्पादन ठरवताना पीक कापणी प्रयोगांच्या जोडीला उपग्रहाच्या आधारे काढलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याची पद्धत आली. राज्यातील योजनेचे नियम त्यानंतर बदलले, पण शेतकऱ्यांच्या मनात तेव्हापासून बसलेला समज कायम आहे. उपग्रह आपल्या बांधीचा फोटो काढतो आणि त्यावरून आपली भरपाई ठरते किंवा नाकारली जाते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात विम्यासाठी धरले जाणारे पिकाचे उत्पादन महसूल मंडळासारख्या क्षेत्रासाठी ठरते, एकेका शेतासाठी नाही. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे आकाश ढगांनी भरलेले असते आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खालचे काही दिसत नाही. त्या वेळी रडार असलेला उपग्रह लागतो, कारण त्याच्या लहरी ढगांतून पार जातात. पाणी साचलेली बांधी त्या चित्रात काळी दिसते आणि धान वाढत जाईल तशी उजळत जाते. भारत आणि अमेरिका यांनी मिळून तयार केलेला, ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला निसार उपग्रह याच जातीचा असून तो जवळपास सर्व जमिनीचे निरीक्षण १२ दिवसांच्या फेऱ्यांत पुन्हा पुन्हा करतो. ही चित्रे वाचणारी दोन कार्यालये, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि इस्रोचे प्रादेशिक केंद्र, नागपुरातच आहेत. तेथील एखाद्या तज्ज्ञाला संस्थेने हंगामापूर्वी गावात आणले, तर शेतकरी निदान नेमका प्रश्न विचारू शकेल. आज तो फक्त कृषी सहायकावर चिडतो.

संस्थेच्या कारभाराबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. अवकाश शिबिर, परदेशी अवकाश केंद्राची सहल अशा नावांनी पालकांकडून मोठी रक्कम घेणारे व्यावसायिक आणि खरोखर ना-नफा काम करणाऱ्या संस्था यांतील फरक खेड्यातील पालकाला कळत नाही. म्हणून संस्थेने आपला नोंदणी क्रमांक, निधी देणाऱ्यांची नावे आणि मुलांकडून शुल्क घेतले जाणार की नाही, हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावे. इस्रो अशा शैक्षणिक संस्थांची स्पेस ट्यूटर म्हणून नोंद करते; तशी नोंद असल्यास तीही सांगावी. साहित्य मराठीत असावे, हे वेगळे सांगायला नको. गडचिरोलीच्या आश्रमशाळांसाठी गोंडी आणि माडिया बोलणारा एखादा स्वयंसेवक सोबत घ्यावा.

शेवटी एक विनंती थेट आपल्याला. इस्रोचा युविका हा नववीच्या विद्यार्थ्यांसाठीचा निवासी कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे. निवडीत ग्रामीण शाळांतील मुलांना जादा भार मिळतो, आणि प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च इस्रो करते. नोंदणी अलीकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेमतेम महिनाभर चालते. आमच्याकडील शाळांत तिचे परिपत्रक पुष्कळदा मुदत संपता संपता पोहोचते, तर आपला अंक रोज सकाळी पहिल्या एसटीने येतो. ती सूचना निघेल त्याच आठवड्यात, पात्रता आणि अंतिम तारखेसह, पहिल्या पानावर चौकटीत छापावी.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर