तन्मणी पोचला

कोल्हापूर

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

तन्मणी पोचला. डबीत कापूस एवढा कोंबला होतास की आधी वाटलं, रिकामीच पाठवली. पदकाचं खोड अगदी मधोमध बसलंय, सर एकमेकांवर चढत नाहीत आणि मागचा गोंडा ओढला की बिनतक्रार सरकतो. लगेच गळ्यात घातला. तेवढ्यात सुनंदा विरजण मागायला आली, तिनं विचारलं कुठल्या सराफाकडचा. मुलानं ओवलाय म्हटल्यावर विरजण इथंच विसरून गेली.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसता "हो आई, हो आई" करतोस आणि मागून मण्यांच्या डब्या वाजत असतात. म्हणून लिहिते.

भाऊबिजेच्या दुपारचं काही लिहिणार नाही. बाबांनी अनिलकाकांसमोर तो विषय काढायला नको होता, एवढंच. "बायकी काम" म्हणणाऱ्यांनी पूर्वीच्या गुजरीत, सराफांच्या बाजारात, येऊन बघायला हवं होतं. आई मला घेऊन पटवेकऱ्याकडे जायची. चांगला मिशाळ गडी, पायाच्या अंगठ्यात रेशमाचा फास अडकवून बसलेला, हातानं पीळ देतोय, गाठ मारतोय, दातानं दोरा तोडतोय. आक्कांचा साज त्यानंच गाठवला होता. पान, जावमणी, पुन्हा पान, असं करत तो शेवटपर्यंत जायचा आणि आई समोर हलायची नाही, कारण सोन्याचा मणी कुठं घरंगळेल याचा नेम नाही. बायका समोर बसून राखण करायच्या, काम पुरुष करायचे. हे मी बाबांनाही ऐकवलं. त्यांनी पेपर उलटला.

तू विसरून गेलास ती पुडी मी उघडली. त्या घाईत कपडेसुद्धा धड भरले नव्हतेस, मणी कुठून लक्षात राहणार. अकरा नंबरचे जपानी, गडद हिरवे. म्हटलं बघू तरी. तुझा तो चौकोनी टाका, दोन टोकं एकाच मण्यातून समोरासमोर काढायची, तो आम्ही तंगुसात, नायलॉनच्या दोऱ्यात, घालायचो रे. माझ्या रुखवतातला कलश आणि वरचा नारळ त्याच टाक्याचा. चार मण्यांचं एक घर, शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक. आमचा तंगूस कडक, म्हणून वस्तू उभी राहायची. तुझा दोरा मऊ, म्हणून पट्टी गळ्यावर वळते. तू मागे सांगितलं होतंस ते आता हाताला कळलं: हाथरसकडच्या पुरदिलनगरचे मणी भट्टीवर हातानं करतात, एक जाड एक बारीक, ते फुलाला चालतात, पट्टीला नाही. पट्टीला हे हिरोशिमाकडचेच हवेत, एकसारखे. आणि नंबर वाढला की मणी लहान, हा कुठला उलटा हिशोब? पंधराचे तर मला मोहरीपेक्षा बारीक वाटतात.

तर सुई. तुझी ती लांब बारीक सुई मला ओवताच येईना. दिव्याखाली घेतली, खिडकीत घेतली. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नंबर काढला आणि डोळ्याचा दाबही बघितला. 27 निघाला. 21 च्या वर गेला की लक्ष द्यायचं असतं म्हणे. मग अंधाऱ्या खोलीत एका भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. कुठं दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याला नाकाकडच्या बाजूचे बरेच दिवे मला दिसलेच नाहीत, आणि दिसले नाहीत हेही मला कळलं नव्हतं.

काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून मोकळी झाले असते. यात गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळायचं. रात्री झोपताना एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत, रोज, जन्मभर. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं वाचताही येतं. सुरुवात आहे, वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा धावत येऊ नकोस. सुट्ट्या आधीच संपवल्या आहेस.

पण पहिल्या नात्यातल्या, म्हणजे सख्खी भावंडं, मुलं, सगळ्यांनी तपासून घ्यायला हवं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मामा जाऊन आला. तू राहिलास. तुझा उणे सहाचा नंबर, त्यातही हा धोका जास्त असतो म्हणे. त्यात आबांचं तुला माहीत आहे.

आबांचं खरं तर कोणालाच कळलं नव्हतं. चौकटीला खांदा लागायचा, शेवटची पायरी चुकायची, सगळे म्हणायचे तंद्रीत असतात. तू पाहिलेस ते आबा पूर्ण अंधारातलेच. त्यांची रुद्राक्षाची माळ तुटली होती, आठवतं का? सगळ्या माजघरात मणी. तू चौथीत असशील. पलंगाखाली सरपटत सगळे गोळा केलेस आणि माझ्या शिवणाच्या दोऱ्यात ओवून दुपारपर्यंत माळ त्यांच्या हातात दिलीस. त्यांनी बोटांवरून फिरवली आणि म्हणाले, मेरुमणी बरोबर बसवलास पण गाठी कुठं आहेत? दोन मण्यांत गाठ नसली तर तुटताक्षणी सगळे पळतात. तू रडला नाहीस. सगळी उसवलीस आणि संध्याकाळी पुन्हा बसलास. 108 मणी, दर मण्याला गाठ. आबा शेजारी बसून बोटानं गाठ तपासत होते, सैल लागली की "हं" म्हणायचे. तुझ्या तन्मण्याच्या गोंड्यातली गाठ मी परवा बोटानं चाचपून बघितली. घट्ट आहे.

काय सांगत होते. हं, तपासणी. तुला वाटेल, आई मणी बंद करायला सांगतेय. नाही. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बारीक मणी ओवतो, त्यानं होतो का? ते म्हणाले, त्यानं काचबिंदू होत नाही, डोळे थकतात एवढंच. दिवा डाव्या बाजूनं घे, मधूनमधून मान वर करून लांब बघ, कुशीत उशी घेऊन त्यावर ताट ठेवून ओवत जाऊ नकोस, मान जाईल. आणि डोळे खाजले की मेडिकलमधून कसलेही थेंब आणून घालायची तुझी सवय आधी सोड. काही थेंबांत स्टेरॉइड असतं, त्यानं दाब वाढतो. विचारल्याशिवाय एक थेंब घालायचा नाही. आणि ऑफिसातल्या मुलींच्या ऑर्डरी घेऊ नकोस. तारीख आली की घाई आली, घाईत रात्र गेली. लोकांचे दागिने तारखेला द्यायचे तर ऑफिसचं काम काय वाईट होतं? तू जेव्हा

पुढचं खोडणार होते, राहू दे. रागावू नकोस. ऑर्डरींचं तुझं तू ठरव, मला त्यातलं काय कळतं. सोडवलेली पट्टी पुन्हा पहिल्या मण्यापासून घालायला बसतोस, तेव्हा तुझ्या कपाळावर ती लहानपणची आठी नसते, हे मी दिवाळीत बघितलं. नोकरी लागल्यापासून ती कायम होती. त्यामुळे ओवत राहा. डोळे दाखवून मग ओवत राहा.

मामाच्या प्राचीची सुपारी फुटली. तिला तुझ्या हातची चिंचपेटी हवी आहे, पांढरे मोती, मधे लाल खडा, खाली लोंबते मोती नकोत. लग्न मे महिन्यात, घाई नाही. हिरव्या मण्यांची पुडी मामाबरोबर पाठवते. त्यातली मी ओवलेली चार बोटं पट्टी तशीच ठेवलीय, उसवू नकोस. कडेचा मणी कुठं चुकला ते फोनवर सांग.

बाबांच्या फोनची वाट बघू नकोस, ते करणार नाहीत. तूही हट्टाला पेटू नकोस. माझ्या डोळ्यांचं निमित्त आहेच, त्यांना फोन करून विचार, आई थेंब वेळेवर घालते का. घड्याळ लावून तेच घालतात, माझा हात हलतो.

तुझी
आई

ता. क. तपासणीला गाडी घेऊन जाऊ नकोस. थेंब घालून बाहुली मोठी करतात, पुढचे काही तास सगळं धूसर दिसतं. रिक्षानं जा आणि त्या रात्री सुई हातात घेऊ नकोस. दाब किती निघाला तो आकडा मला कळव, नुसतं "नॉर्मल आहे" नको.