बाबा, फ्यूज मोठा घालू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर घाईत धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, सगळ्यात आधी एक मागणं. गाडीत स्टीरिओ बसवताना उडालेल्या १० अँपिअरच्या फ्यूजच्या जागी २० चा घालू नका. ज्यांनी तुम्हाला तसं सुचवलं त्यांचा हेतू चांगलाच असेल, पण फ्यूज हा स्टीरिओपेक्षाही वायरीला वाचवायला असतो. कुठेतरी वायर गाडीच्या बॉडीला टेकते, करंट मोकाट सुटतो आणि फ्यूज स्वतः जळून त्याला अडवतो. मोठा फ्यूज घातलात तर फ्यूज टिकेल, आणि त्याऐवजी डॅशबोर्डच्या आतली वायर तापून वितळेल. त्या गाडीत तुम्ही दोघं बसता. फ्यूजला तार किंवा चांदीचा कागद गुंडाळणं तर अजिबात नको, दोन मिनिटांपुरतंसुद्धा नको.

स्टीरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलंय, म्हणून १० चा फ्यूज कमी पडतो असं तुम्हाला वाटलं. हिशोब करून पाहा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. १० अँपिअरने गुणलं तर १४४ वॅट. म्हणजे २०० वॅट त्या फ्यूजमधून सतत जाऊच शकत नाहीत. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या कमाल आवाजाचा असतो, नेहमीच्या वापरात स्टीरिओ त्याच्या बराच खाली चालतो. फ्यूज निवडताना खोक्याकडे बघायचं नाही. स्टीरिओच्या पाठीवर आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जो आकडा छापलाय, तोच घालायचा.

तुम्ही दोघांनी जे सांगितलंत, त्यातच बरंचसं उत्तर आहे. बाबा म्हणाले, स्टीरिओ बाहेर लोंबत असताना छान वाजतो आणि आत ढकलला की बंद पडतो. त्याच वेळी मोबाइल चार्जरचं सॉकेटही मरतं. आणि आई, तू जाता जाता म्हणालीस की किल्ली काढली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि तू लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात. हे तुझं बोलणं मला सगळ्यात उपयोगी पडलं.

स्टीरिओला मुख्य वायरी तीन. पिवळीला बॅटरीचा करंट कायम हवा, किल्ली काढली तरी. घड्याळ आणि स्टेशनं तिच्यावर लक्षात राहतात आणि आवाजासाठी लागणारा मोठा करंटही तिच्यातूनच येतो. लाल वायर फक्त किल्ली फिरवल्याची खबर देते. काळी म्हणजे अर्थिंगची (‘अर्थ’), ती गाडीच्या बॉडीला. स्टेशनं पुसली जातात याचा अर्थ पिवळीला कायमचा करंट मिळतच नाहीये, ती किल्लीवरच्या सप्लायला जोडली गेली आहे. चार्जरचं सॉकेटही बहुतेक त्याच सप्लायवर, त्याच फ्यूजवर आहे, म्हणून दोन्ही एकदम जातात. काही गाड्यांत कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमधल्या, कायमच्या आणि किल्लीवरच्या सप्लायच्या जागा मुळातच उलट असतात. त्यासाठीच बऱ्याच हार्नेसमध्ये, म्हणजे स्टीरिओच्या वायरींच्या जुडग्यात, पिवळ्या आणि लाल वायरीच्या मध्ये काढता येणारा जोड दिलेला असतो. तुमच्या हार्नेसला तो असेल तर कापाकापी न करता पिवळी-लाल अदलाबदल होईल.

पण त्याआधी मीटरने खात्री करा. वर सांगितलेले रंग स्टीरिओच्या वायरींचे आहेत, गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग वेगळे असू शकतात. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा, रंग मारलेल्या ठिकाणी नको. किल्ली काढलेली असताना गाडीकडच्या कपलरमध्ये जिथे १२.५ च्या आसपास दिसेल ती कायमची वायर. किल्ली फिरवल्यावरच जिथे आकडा येईल ती किल्लीवरची. बाबांनी पिन धरावी आणि आईने आकडे मोठ्याने वाचावेत. रंगही आईच ओळखेल. टॉर्चच्या उजेडात पिवळी आणि नारिंगी जवळपास सारख्याच दिसतात आणि नारिंगी ही डॅशबोर्डच्या दिव्यांची वायर असते, तिला पिवळी समजून चालणार नाही.

आता फ्यूज का उडतो ते. उडालेला फ्यूज टाकून दिला नसेल तर उजेडात धरून बघा. आतली पट्टी नुसती मधोमध वितळून तुटली असेल तर भार जास्त झाला होता. आतलं प्लास्टिक काळवंडलं असेल, धातूचे शिंतोडे दिसत असतील तर थेट शॉर्ट, म्हणजे वायर बॉडीला टेकली. मला शॉर्टचीच शक्यता वाटते, कारण आत ढकललं की लगेच उडतो. मागची वायर लोखंडी चौकटीच्या धारेवर किंवा मागच्या आधाराच्या स्क्रूवर दाबली जात असणार.

प्रत्येक वेळी नवा फ्यूज खर्च करून शोधत बसू नका. ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन वायरी घ्या आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तो बल्ब जोडा. त्या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, त्यामुळे शॉर्ट असला तरी वायर जळत नाही. चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा, स्टीरिओचा कपलर सोडवा, किल्ली फिरवा. बल्ब तेव्हाच लख्ख पेटला तर दोष गाडीच्या वायरीत आहे, मग तुम्ही पुढे हात घालू नका, वायरमनला दाखवा. पेटला नाही तर कपलर लावा. स्टीरिओ थोडा करंट खाईल, बल्ब मिणमिणेल, ते ठीक आहे. मग स्टीरिओ अगदी हळूहळू आत सरकवा. ज्या क्षणी बल्ब एकदम लख्ख होईल, तिथेच थांबा आणि मागे टॉर्च मारा. वायरीवरचं प्लास्टिक चिरलेलं किंवा तांबं चमकताना दिसेल. बल्ब गरम होतो, तो प्लास्टिकला टेकू देऊ नका.

दुरुस्ती करताना बॅटरीची मायनस वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. चिरलेला भाग नीट जोडून त्यावर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवा. नुसती टेप उन्हाने चिकट होऊन सुटते, आणि बंद गाडीत ऊन फार चढतं. मग वायरींचा जुडगा झिप टायने बांधून चौकटीच्या खालच्या मोकळ्या जागेत वळवा, म्हणजे स्टीरिओ मागे सरकताना त्यावर येणार नाही. स्पीकरच्या वायरींपैकी एकही बॉडीला टेकलेली नाही ना, तेही बघून घ्या. या स्टीरिओत स्पीकरच्या मायनसलाही अर्थ चालत नाही.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं आहे. डॅशबोर्डमध्ये पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही. ते बहुतेक एअरबॅगचे असतात. त्यांच्यावर मीटरची पिनही ठेवायची नाही.

अदलाबदल झाल्यावर, लाल वायर खरोखर किल्लीवरच आहे ना, हे पुन्हा एकदा तपासा. लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या सप्लायवर गेल्या तर स्टेशनं राहतील, पण स्टीरिओ कधी बंदच होणार नाही आणि दोन-तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरेल. तुमची गाडी आठवडाभर उभी असते, म्हणून हे सांगते आहे.

बाबा, डॅशबोर्डखाली डोकं घालून वाकायचं नाही. तुमच्या मानेला ते सोसत नाही आणि या कामाला त्याची गरजही नाही. सगळं समोरच्या खाचेतून होतं, सीटवर बसून करा. तुम्ही हे काम स्वतः करताय याचा मला मनापासून आनंद आहे. रेडिओची मागची बाजू उघडून मला दाखवणारे तुम्हीच, म्हणून दुसऱ्याकडे द्या असं मी म्हणत नाही. फक्त सकाळी उजेडात करा, दमलात तर मायनस वायर काढून ठेवून दुसऱ्या दिवशी करा.

आई, सुरू करण्याआधी मला फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा आणि स्टीरिओच्या पाठीवरच्या वायरिंगच्या चित्राचा फोटो पाठव. कोणता फ्यूज किती अँपिअरचा ते मी त्यावर खूण करून परत पाठवते. मीटरचे आकडेही कागदावर लिही, किल्ली काढलेली आणि फिरवलेली असे वेगवेगळे. ते हातात आले की मी फोन करते, मगच बाबांनी जोड बदलावा.

तुमची लेक