वादळाची दुसरीही बाजू छापा

महोदय,
हरिकेनची बातमी आली की सोबत ठरलेलं छायाचित्र येतं: पांढरा भोवरा, मधोमध काळा ठिपका. तीस वर्षं भूगोल शिकवताना मीही तेच दाखवून ‘हा वादळाचा डोळा’ म्हणत आले. पण ते चित्र ढगांच्या माथ्याचं. खाली समुद्रावर काय चाललंय ते त्यात दिसतच नाही आणि रात्री तर दृश्य प्रकाशाचा कॅमेरा आंधळाच.

रडारचं तसं नाही. २०१४ साली अवकाशात गेलेला युरोपचा सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी स्वतःच खाली सोडतो. त्या ढगांतून आरपार जाऊन खवळलेल्या पाण्यावरून परततात. किती परतल्या, यावरून वाऱ्याचा वेग काढतात. (मुसळधार पाऊस यालाही थोडा चकवतो.) असं एक चित्र मी भिंगाखाली धरून पाहिलं. डोळा गुळगुळीत, काळा. कड मात्र चक्क वेडीवाकडी!

हा उपग्रह एकाच जागेवरून रोज जात नाही. पृथ्वीच्या एकाच भागावर कायम टिकून राहणारा भूस्थिर उपग्रह दर काही मिनिटांनी ढगांचं चित्र पाठवतो, म्हणून दोन्ही लागतात. पुढच्या वादळाला ही दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी छापाल का? कृष्णधवल असली तरी चालतील.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका